आपले कृपादान ओळखू या

'माझ्याजवळ देण्यासारखे काय आहे?' हा प्रश्न आपल्यापैकी अनेकांना सतावतो. संत पौल करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रात (अध्याय 12) सांगतात की, कृपादाने निरनिराळी असली तरी ती देणारा पवित्र आत्मा एकच आहे आणि प्रत्येकाचे दान सर्वांच्या हितासाठी आहे.

येशूसंघीय धर्मगुरू फादर थॉमस स्टीफन्स मूळचे इंग्लंडचे. 1579 साली ते गोव्यात आले. भाषेची त्यांना विलक्षण जाण होती. मात्र तिचे खरे प्रयोजन त्यांना सासष्टीच्या लोकांमध्ये गवसले. जुन्या पुराणांना मुकलेल्या नवख्रिस्ती भाविकांना आपल्या भाषेत ऐकता येईल असे काव्य हवे होते. त्यांच्यासाठी फादरांनी हजारो ओव्यांचे 'क्रिस्तपुराण' मराठीत रचले. ते 1616 साली प्रसिद्ध झाले.

आपले दान ओळखण्याचा मार्गही हाच आहे. कोणते काम आपण आनंदाने करतो? लोक कशासाठी आपल्याकडे येतात? आपल्या धर्मग्रामात कशाची उणीव आहे? आजाऱ्याजवळ शांतपणे बसणे हेही कृपादानच होय.

प्रभू येशूच्या दृष्टान्तातील सेवकाला (मत्तय 25:14-30) धन्याने दोष दिला, तो वाट्याला थोडे आले म्हणून नव्हे, तर मिळालेले त्याने भीतीपोटी पुरून ठेवले म्हणून. आपणही काही पुरून ठेवले आहे काय, याचा आज प्रार्थनापूर्वक विचार करू या.