उंदीर किती मारले नाही, किती उरले ते मोजा

या आठवड्याच्या एपिसोडचं हे लिखित रूप. लोकलमध्ये इअरफोन विसरलेल्यांसाठी आणि ऐकण्यापेक्षा वाचायला आवडणाऱ्यांसाठी. बोलताना झालेले "अं... म्हणजे" तेवढे काढलेत, बाकी जसंच्या तसं.

सुरुवातीलाच एक प्रश्न. एका माणसाने एका रात्रीत ३० उंदीर मारले, तर सकाळी मुंबईत ३० उंदीर कमी झाले का?

३० हा आकडा मी उगाच घेतलेला नाही. मुंबई महापालिकेच्या कीटकनाशक विभागात रात्री उंदीर मारणारे कामगार असतात. एका हातात टॉर्च, दुसऱ्या हातात काठी. डोळ्यांवर उजेड पडला की उंदीर क्षणभर थबकतो, तेवढ्यात फटका. रात्रीला ३० उंदरांचं टार्गेट, हे वर्षानुवर्षं बातम्यांमध्ये येत आलंय. या कामगारांवर मिरियम चांडी मेनाचेरी यांची 'द रॅट रेस' नावाची डॉक्युमेंटरीही आहे. काम अवघड, घाणीतलं आणि धोक्याचं. त्यामुळे आज मी जे बोलणार आहे ते त्या कामगारांबद्दल नाही. ते मोजमापाबद्दल आहे.

मी सॉफ्टवेअर इंजिनीअर, राहायला दिंडोशीत. आमच्या धंद्यात एक जुना वाद आहे: आठवड्यात किती बग बंद केले हे मोजायचं, की सिस्टीममध्ये अजून किती उघडे आहेत हे मोजायचं? पहिला आकडा मीटिंगमध्ये छान दिसतो. युजरला मात्र दुसराच भोगावा लागतो. उंदरांचंही अगदी तसंच आहे.

आधी शत्रू कोण ते बघू

मुंबईत आपण सगळ्यांनाच "उंदीर" म्हणतो, पण यात मुख्य मंडळी तीन. घरात, माळ्यावर, पाइपवरून चढणारा काळा उंदीर. गटारातला तपकिरी उंदीर, जो जहाजांमधून जगभर पसरला आणि भारतात प्रामुख्याने बंदराच्या शहरांत टिकला. आणि तिसरी, लहान घूस. ही मूळची शेतातली, त्यातही भातखाचरातली. ओली जमीन तिला आवडते, पोहायलाही छान येतं. कोकणात भाताच्या बांधात बिळं करून पाणी गळायला लावते आणि लोंब्या तोडून बिळात साठा करते. मुंबई, कोलकात्यासारख्या शहरांत तिने गोदामांखाली आणि बाजारांखाली बस्तान बसवलं. म्हणजे जी शेत पोखरते, तीच आपल्या सोसायटीच्या कंपाउंडची भिंत पोखरते.

बिघडतं ते फक्त धान्य आणि भिंती नाहीत. उंदराच्या लघवीतून लेप्टोस्पायरोसिसचे जंतू पाण्यात येतात आणि पायावरच्या जखमेतून शरीरात शिरतात. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. त्या पुरानंतर मुंबईत लेप्टोने अनेकांचे जीव घेतले. त्याआधी १९९४ मध्ये बीड जिल्ह्यातल्या मामला गावात प्लेगचे रुग्ण सापडले. १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर लोकांनी घरं सोडली, साठवलेलं धान्य तसंच राहिलं, उंदरांची संख्या वाढली, असं त्याचं कारण अनेक तज्ज्ञांनी मांडलं. उंदीर वाढण्यामागे अन्न आणि आसरा असतो. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

मग ३० मारले तर ३० कमी का होत नाहीत?

समजा, एका बाजाराच्या गल्लीत रोजचा कचरा १०० उंदरांना पुरतो, म्हणून तिथे १०० उंदीर आहेत. त्यातले ३० मारले. आता उरलेल्या ७० जणांना प्रत्येकी जास्त खायला मिळतं, भांडणं कमी होतात, पिल्लं जास्त जगतात. मादीचा गाभणकाळ साधारण तीन आठवडे आणि एका वेताला पाच-सात पिल्लं. शेजारच्या गल्लीतलेही रिकाम्या जागेवर येतात. काही महिन्यांत पुन्हा १००. आकडे मी समजावण्यासाठी घेतलेत, पण गणित खरं आहे. अमेरिकेत बाल्टिमोरमध्ये १९४० च्या दशकात डेव्हिड डेव्हिस या संशोधकाने हेच पाहिलं. नुसते मारले की संख्या परत भरून येते. कचरा आणि आसरा कमी केला की संख्या खाली येते आणि खालीच राहते.

आता या गणितात पैसे आणा. कामगाराला किंवा कंत्राटदाराला दर उंदरामागे पैसे मिळत असतील, तर त्याच्या सोयीचं काय? जिथे उंदीर भरपूर तिथेच जायचं. शेवटचे पाच-दहा हुशार उंदीर शोधायला तीच रात्र लागते आणि हातात काही पडत नाही. यात त्याची लबाडी नाही, सिस्टीमच तशी आहे.

आणि लबाडी शिरली तर काय होतं, ते १९०२ मध्ये हनोईत दिसलं. फ्रेंच सरकारने उंदराच्या प्रत्येक शेपटीमागे एक सेंट जाहीर केला. शेपट्यांचे ढीग आले. मग शहरात बिनशेपटीचे उंदीर फिरताना दिसायला लागले! शेपूट कापून उंदीर सोडून द्यायचा, म्हणजे तो अजून पिल्लं देईल. काहींनी तर उंदीरपालनच सुरू केलं.

इंग्लंडने उलटं केलं

आता एक यशस्वी गोष्ट. कॉयपू नावाचा दक्षिण अमेरिकेतला मोठा, पाण्यात राहणारा कृंतक. अमेरिकेत त्याला न्यूट्रिया म्हणतात. १९२९ च्या सुमारास फरसाठी तो इंग्लंडमध्ये आणला गेला, फार्ममधून निसटला आणि पूर्व इंग्लंडच्या दलदलीत पसरला. नदीकाठ पोखरायचा, लव्हाळे फस्त करायचा, शेतात घुसून बीट खायचा. आपल्या लहान घुशीचाच पाणथळ भाऊ म्हणा.

१९८१ मध्ये तिथे २४ ट्रॅपर घेऊन मोहीम सुरू झाली. मुदत दहा वर्षं. खरी मेख होती बोनसमध्ये. कॉयपू पूर्ण संपला तरच बोनस, तोही पगाराच्या तीन वर्षांपर्यंत, आणि जितका उशीर तितका कमी. म्हणजे शेवटचा प्राणी पकडणं हे सगळ्यात फायद्याचं काम झालं! शिवाय पकडलेल्या प्राण्यांचं विच्छेदन करून त्यांचं वय काढायचे, त्यावरून रानात किती उरलेत याचा हिशोब लावायचे. १९८९ मध्ये कॉयपू संपल्याचं जाहीर झालं. मुदतीच्या आत.

अमेरिकेतही दोन नमुने दिसतात. लुइझियानात न्यूट्रियाच्या शेपटीमागे पैसे देतात. तिथे प्राणी इतके आहेत की हेतू नुकसान आटोक्यात ठेवण्याचा. मेरीलँडमध्ये मात्र पगारी टीम, वास घेणारे कुत्रे आणि रेडिओ कॉलर लावलेले न्यूट्रिया वापरले. असा न्यूट्रिया आपल्या जातभाईंना शोधत जातो आणि टीमला पत्ता मिळतो. २००२ ला सुरुवात, २०२२ ला उच्चाटन जाहीर.

मुंबईत हे जमेल का?

उच्चाटन? नाही. लहान घूस आपल्याच मातीतली आहे, शहर चहूबाजूंनी उघडं आहे. पण मोजमाप बदलता येईल. त्यासाठी कुठलंही ॲप नको, कारण पद्धत आपल्या शेतकऱ्यांकडे आधीच आहे. कृषी विद्यापीठं शिकवतात ती: संध्याकाळी सगळी बिळं मातीने बुजवायची. सकाळी जेवढी पुन्हा उघडली, तेवढी चालू बिळं. उपाय फक्त त्या बिळांवर करायचा. काही दिवसांनी परत बुजवून परत मोजायचं. हा झाला "उरले किती"चा आकडा, फुकटात. दुसरी शिकवण: सगळ्या गावाने एकाच वेळी करायचं. एकट्याने केलं तर शेजारच्या शेतातले येतात. आपल्याकडे गावाच्या जागी गल्ली म्हणा.

तर सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायला चार मुद्दे:

१. पावसाळ्याआधी कंपाउंडमधली बिळं बुजवा, मोजा, फोटो ठेवा. महिन्याने पुन्हा. आकडा उतरतोय का तेवढंच बघा.

२. ओला कचरा रात्रभर उघडा नको. गल्लीतल्या खाऊच्या गाड्यांशी नीट बोला, तेही आपलेच लोक. पाइपभोवतीच्या फटी सिमेंट आणि जाळीने बंद करा.

३. विष मनाने टाकू नका. झिंक फॉस्फाइडने एकदा पोट बिघडलेला उंदीर जगला तर त्या आमिषाला पुन्हा तोंड लावत नाही. म्हणून शेतात आधी दोन-तीन दिवस साधं खाणं ठेवून सवय लावतात. ब्रोमॅडिओलोनने उंदीर काही दिवसांनी मरतो, पण तो खाणाऱ्या घुबडालाही ते बाधतं. दिंडोशीला तर एका बाजूला आरे, दुसरीकडे नॅशनल पार्क. आपलं फुकटातलं पेस्ट कंट्रोल तिथेच राहतं, त्याला मारू नका. विषाचं काम महापालिकेच्या किंवा प्रशिक्षित माणसांकडेच द्या.

४. साचलेल्या पाण्यातून चालावं लागलं तर पाय साबणाने धुवा, आणि ७२ तासांच्या आत डॉक्टरांना विचारा, विशेषतः पायाला जखम असेल तर. मेलेला उंदीर हातमोज्याशिवाय उचलू नका. सफाई करणाऱ्या दादांना आणि मावशींना गमबूट आणि मोजे सोसायटीने द्यावेत, कारण लेप्टोचा पहिला धोका त्यांना आहे.

आणि पुढच्या वेळी "यंदा इतके लाख उंदीर मारले" अशी बातमी आली, तर शेअर करण्याआधी एकच विचारा: बरं, आणि उरले किती? तो आकडा नसेल, तर काम किती झालं हे कुणालाच माहीत नाही.

चला, आजच्यापुरतं एवढंच. बिळं मोजलीत तर आकडा नक्की कळवा. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!