विंचवाचं औषध आणि उद्धृतींचा हिशेब

दिवाळीच्या सुमारास कर्जत-खालापूर भागात भातकापणी चालू असते. भारे उचलताना, सरपण काढताना, बांधावरचा दगड हलवताना हात विंचवावर पडू शकतो. लाल विंचू आकाराने लहान, पण त्याचं विष हृदयावर जातं. या विंचवामुळेच मला एक प्रश्न पडला: वैद्यकीय संशोधकाचं मोठेपण मोजायचं कशाने?

याच जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला, महाड तालुक्यातल्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात १९७६ साली डॉ. हिंमतराव बावस्कर रुजू झाले. जिल्ह्याचं नाव तेव्हा कुलाबा होतं. दंश झालेला माणूस घामाने भिजतो, ओकाऱ्या काढतो, हातपाय गार पडतात आणि पुढे फुप्फुसात पाणी होऊन दगावतो, हे त्यांनी रुग्णाच्या उशाशी बसून टिपून ठेवलं. विषामुळे शरीरात ताणाच्या संप्रेरकांचा लोंढा सुटतो, रक्तवाहिन्या आवळतात आणि हृदय थकतं. या आवळलेल्या वाहिन्या सैल करणारी प्राझोसिन ही गोळी त्या काळी रक्तदाबासाठी वापरत. बावस्करांनी ती विंचूदंशावर वापरली. १९८२ साली दंशाची लक्षणं आणि १९८६ साली प्राझोसिनचा अनुभव त्यांनी ‘लॅन्सेट’मध्ये मांडला. प्राझोसिनपूर्वी गंभीर रुग्णांपैकी तीसेक टक्के दगावत; पुढे हे प्रमाण एक टक्क्याच्या आसपास आलं.

१९८६चा तो मजकूर जेमतेम दोन पानांत मावला. आजच्या मोजपट्ट्या त्याला कसं तोलतात?

शोधनिबंधाचा उल्लेख दुसऱ्या संशोधकाने आपल्या निबंधात केला की एक उद्धृती, म्हणजे सायटेशन, जमा होते. युजीन गारफिल्ड यांनी १९६०च्या दशकात अशा उद्धृतींची सूची सुरू केली. त्यातूनच नियतकालिकाचा ‘इम्पॅक्ट फॅक्टर’ आला: मागल्या दोन वर्षांतल्या लेखांना यंदा सरासरी किती उद्धृती मिळाल्या. २००५ साली होर्हे हर्श या भौतिकशास्त्रज्ञाने व्यक्तीसाठी ‘एच-निर्देशांक’ सुचवला. तो ५ असेल, तर संशोधकाच्या किमान ५ निबंधांना प्रत्येकी किमान ५ उद्धृती आहेत. हिशेब सोपा आहे, पण त्याचा परिणाम विचित्र होतो. एकच निबंध, आणि त्याला हजार उद्धृती, तरी निर्देशांक १च राहतो!

दुसरी अडचण गर्दीची आहे. हृदयविकारावर जगभर हजारो लोक लिहितात, त्यामुळे तिथे साधा निबंधही उद्धृती मिळवून जातो. विंचूदंशावर लिहिणारे भारत, ब्राझील, मेक्सिको, उत्तर आफ्रिका, मध्यपूर्व अशा मोजक्या मुलखांतले. रोग गरिबाचा असला की त्यावर लिहिणारे कमी, आणि म्हणून उद्धृतीही कमी. प्राझोसिनची गोळी वेळेवर देणारा आरोग्य केंद्रातला डॉक्टर निबंध लिहीत नाही. वाडीवरची वाचलेली बाईही लिहीत नाही. या दोघांची नोंद कुठल्याच सूचीत होत नाही.

म्हणून प्रसिद्ध करणं व्यर्थ आहे, असं मात्र नाही. बावस्करांचा अनुभव बिरवाडीतच राहिला असता, तर दुसऱ्या गावच्या डॉक्टरला तो कळला नसता. शिवाय तो तपासताही आला नसता. २०११ साली बावस्कर दांपत्याने ‘बीएमजे’मध्ये स्वतःच्याच उपचाराची परीक्षा मांडली: ३५ रुग्णांना नुसतं प्राझोसिन, ३५ जणांना प्राझोसिनसोबत प्रतिविष. दहा तासांत पहिल्या गटातले ८, तर दुसऱ्यातले ३२ पूर्ण बरे झाले. ज्या गोळीने नाव दिलं, तिला जोड लागते, हे त्यांनी आकड्यांनिशी छापलं. निर्देशांकात या प्रामाणिकपणाला वेगळे गुण नाहीत.

नियतकालिकाच्या आकड्यावरून व्यक्तीची पारख करू नका, असं २०१२ सालच्या सॅन फ्रान्सिस्को जाहीरनाम्याने बजावलं. आपल्याकडे मात्र वैद्यकीय महाविद्यालयांतली बढती निबंधांच्या संख्येला बांधली गेली आणि पैसे घेऊन काहीही छापणाऱ्या नियतकालिकांना गिऱ्हाईक मिळालं.

निवड समितीपुढे कुणाची यादी आली, तर मी आधी आकडा विचारणार नाही. एक निबंध उघडून वाचेन आणि विचारेन: यातलं काय वापरून खालापूरच्या एखाद्या आरोग्य केंद्रात रात्री दोन वाजता आलेला रुग्ण वाचेल? उद्धृती त्यानंतर मोजू.