वाट सर्वांची, गाडी ज्याची त्याची

वसंतातल्या ह्या व्याख्यानमालेत साहित्य, इतिहास, अध्यात्म अशा विषयांची श्रोत्यांना सवय आहे. तेथे एका कामगार कार्यकर्त्याने उठून तारांविषयी बोलावे, ह्याचे काहींना नवल वाटले असेल. आम्ही अभियंते नव्हे. आमचे शिक्षण कारखान्याच्या फाटकाशी आणि सार्वजनिक वाचनालयात झाले. परंतु तीसेक वर्षे कामगारांत वावरल्यावर एवढे कळले आहे की, काम कोठून येते आणि कोठे निघून जाते हे ज्याला समजत नाही, त्याला पगाराचा प्रश्नही नीट समजत नाही.

आम्हांला हा विषय सुचला तो चारकोपच्या औद्योगिक वसाहतीत. तेथे साचे बनवणारा एक लहान कारखाना आहे. बारा माणसे, चार यंत्रे. गिऱ्हाईक नकाशे इंटरनेटवरून पाठवते, कारागीर त्यांत दुरुस्ती सुचवतो, दोन तासांत होकार येतो आणि यंत्र सुरू होते. एका वर्षी कोणीतरी रस्त्यात चर खणला आणि तार तुटली. जोडायला पाच दिवस लागले. त्या पाच दिवसांत मोठी मागणी वसईच्या एका कारखान्याकडे गेली, ती परत आली नाही. पूर्वी गिरणी बंद पडली की भोंगा थांबे आणि साऱ्या गावाला कळे. हे काम गेले ते शेजारच्या गाळ्यालाही कळले नाही.

तार ही शहराच्या पोटापाण्याची गोष्ट आहे, हे मुंबईला नवे नाही. 1870 साली सुएझ आणि एडनमार्गे समुद्रातून आलेली तारायंत्राची केबल मुंबईला लागली. आधी लिव्हरपूलच्या कापसाचा भाव कळायला आगबोटीच्या टपालाची आठवडेच्या आठवडे वाट पाहावी लागे. पुढे तो काही तासांत कळू लागला. मुंबई व्यापाराची राजधानी झाली, त्यात बंदराइतकाच ह्या तारेचाही वाटा आहे.

आजही जगाच्या तारा मुंबईलाच लागतात. कांदिवलीहून लोकलने अंधेरीला उतरावे आणि वर्सोव्याच्या किनाऱ्यावर जावे. त्या वाळूखालून युरोप, आखात आणि आशियाकडे जाणाऱ्या केबली निघतात. 2022 च्या अखेरीस भारतात अशा 17 आंतरराष्ट्रीय केबली होत्या आणि त्यांपैकी बऱ्याच मुंबईत उतरतात. केबलीच्या आत केसासारखे बारीक काचेचे तंतू असतात. त्यांतून प्रकाशाची उघडझाप सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर वेगाने धावते आणि त्या उघडझापीतच आपली पत्रे, नकाशे, पैसे, चित्रे असतात. इंटरनेट म्हणजे आकाशातून येणारी काही वस्तू आहे, असा पुष्कळांचा समज असतो. हातातल्या फोनपासून मनोऱ्यापर्यंत ते हवेतून येते, हे खरे. पण मनोऱ्याच्या पुढे बहुतेक ठिकाणी ते जमिनीखालच्या किंवा खांबावरच्या तारेतूनच जाते.

मग वर्सोव्याला जगाची तार लागत असताना चारकोपचा कारखाना पाच दिवस अंधारात का राहावा? ह्याचे उत्तर शेवटच्या टप्प्यात आहे. समुद्रातली केबल आली, शहराच्या मोठ्या वाहिन्या झाल्या, तरी गल्लीच्या तोंडापासून गाळ्यापर्यंतचा तुकडा उरतोच. ह्या तुकड्यात काचतंतू फार महाग नसतो. महाग असते ते खोदकाम, त्याची परवानगी आणि रस्ता पूर्ववत करण्याचा आकार. प्रत्येक कंपनीने आपला स्वतंत्र चर खणायचा म्हटले की एकच रस्ता चार वेळा उकरला जातो आणि दुसऱ्याच्या चरात पहिल्याची तार तुटते. खणणे परवडत नाही तेथे तारा गच्चीवरून गच्चीवर, झाडावरून खांबावर टाकल्या जातात. ज्या वस्तीतून पैसे सुटणार नाहीत असे वाटते, तेथे तार जातच नाही. 2020 च्या टाळेबंदीत शाळा फोनवर भरू लागल्या, तेव्हा पूर्वेकडच्या डोंगरउतारावरील वस्त्यांत एका फोनवर तीन भावंडांना पाळीपाळीने शिकताना आम्ही पाहिले आहे.

ह्यावर उपाय काय? कोणी म्हणतील, सरकारने सर्व आपल्या हाती घ्यावे. आम्ही कामगार चळवळीतले, तेव्हा आम्हीही हेच म्हणू अशी अपेक्षा असेल. परंतु डोळ्यांसमोरचे नाकारून चालत नाही. मुंबई आणि दिल्लीच्या दूरध्वनीसाठी 1986 साली महानगर टेलिफोन निगम स्थापन झाले. रस्त्याखाली वाहिन्या त्याच्या होत्या, घरोघरी तांब्याची तार त्याची होती. तरीही ते मागे पडले, कर्ज वाढले आणि 2020 च्या जानेवारीअखेर चौदा हजारांहून अधिक कर्मचारी स्वेच्छानिवृत्ती घेऊन घरी गेले. तार सार्वजनिक असणे पुरेसे नाही. तिच्यावर वेळच्या वेळी खर्च व्हावा लागतो आणि तिची निगा राखणारी माणसे टिकावी लागतात. उलट सर्व काही कंपन्यांवर सोडले, तर काय होते तेही वर सांगितले आहे.

तिसरी वाट आपल्या दाराशीच आहे. 1985 च्या सुमारास जागतिक बँकेच्या साहाय्याने चारकोपची वसाहत आखली गेली. म्हाडाने तेथे सर्वांना बांधलेली घरे दिली नाहीत. रस्ते, पाणी, गटारे आणि लहान लहान भूखंड दिले. लोकांनी सहकारी संस्था केल्या आणि ऐपतीप्रमाणे घरे उभारली. पायाभूत सोय सार्वजनिक, घर ज्याचे त्याचे.

दुसरा दाखला विजेचा. 2009 पासून उपनगरांतल्या पुष्कळ ग्राहकांनी वीज विकणारी कंपनी बदलली. तारा तेव्हा रिलायन्सच्या होत्या, आज त्या अदानींच्या आहेत. त्याच तारेतून वीज मात्र टाटांची घेता येऊ लागली. दुसरा खांब उभारावा लागला नाही. तारेच्या मालकाला किती भाडे द्यायचे, तो वहन आकार वीज नियामक आयोगाने ठरवला. वाट एक आणि विक्रेते अनेक, ही व्यवस्था कांदिवलीकरांनी महिन्याच्या बिलावर पाहिली आहे.

स्वीडनच्या राजधानीने हेच तारांच्या बाबतीत केले. स्टॉकहोम नगरपालिकेने 1994 साली स्टोकॅब नावाची आपली कंपनी काढली. ती काचतंतू टाकते आणि जो मागेल त्याला समान अटींवर भाड्याने देते. अमेरिकेत चॅटानूगा ह्या जुन्या कारखानदारीच्या शहरात नगराच्या वीजमंडळाने विजेच्या जाळ्याबरोबर काचतंतू नेला आणि 2010 साली आपल्या सर्व ग्राहकांना गिगाबिट वेगाची सोय देऊ केली. त्याच तंतूमुळे विजेतला बिघाडही लवकर सापडू लागला. आपल्याकडे केरळ सरकारने वीजमंडळाच्या खांबांचा उपयोग करून के-फॉन हे जाळे उभारले. 2023 च्या जूनमध्ये त्याचे उद्घाटन झाले. वीस लाख गरीब कुटुंबांना विनामूल्य जोडणी द्यायची हा त्याचा संकल्प आहे. संकल्प आणि सिद्धी ह्यांत अंतर असते, हे आम्ही जाणतो. पण इंटरनेट ही पाण्याच्या नळासारखी सोय आहे, हे एका राज्याने मान्य केले, ही गोष्ट लहान नव्हे.

मुंबईत ही संधी आज आहे आणि ती फार दिवस राहणार नाही. 2023 च्या जानेवारीत सुमारे 400 किलोमीटर रस्त्यांच्या काँक्रिटीकरणाचे भूमिपूजन झाले. काँक्रीट एकदा ओतले की ते पुन्हा फोडणे महाग आणि लोकांना तापदायक. म्हणून आपल्या गल्लीत काम निघेल तेव्हा नागरिकांनी चार प्रश्न विचारावेत. रस्त्याच्या कडेला तारांसाठी रिकामी वाहिनी ठेवली आहे काय? ती कोणाच्या मालकीची? तिचे भाडे सर्व कंपन्यांना आणि लहान केबलवाल्यालाही सारखेच आहे काय? ती वस्तीच्या तोंडाशी थांबते की आत जाते? गृहनिर्माण संस्थांनीही एकाच कंपनीला इमारतीचे दार लिहून देऊ नये.

पाचवा प्रश्न आमचा, आणि तो विचारल्यावाचून आम्हांला खाली बसता येणार नाही. चर खणणारा बिगारी आणि पावसात गच्चीच्या कठड्यावरून तार ओढणारा पोरगा ह्यांचे काय? आमच्या ओळखीचा एक मुलगा असाच दुसऱ्या मजल्यावरून पडला. कामाला लावणाऱ्याने तो आपला नोकरच नव्हे असे सांगितले आणि औषधपाण्याचा खर्च मित्रांनी वर्गणी काढून केला. सार्वजनिक वाहिनी झाली तर बरेचसे काम जमिनीवर येईल, आणि निगेसाठी कायमची, विम्याची, शिकलेली माणसे ठेवणे शक्य होईल. तार तुटली की पाच तासांत जोडली जाणे हे यंत्रावर थोडे आणि अशा माणसांवर पुष्कळ अवलंबून असते.

शहरे काम मिळवण्यासाठी एकमेकांशी स्पर्धा करतात. पुणे, बंगळूर, हैदराबाद थांबून राहिलेली नाहीत. स्वस्त जमीन आपण देऊ शकत नाही आणि स्वस्त मजूर देऊ नये, असे आमचे मत आहे. मग देण्यासारखे उरते ते कुशल हात आणि त्या हातांपर्यंत पोहोचणारी भरवशाची वाट. हात चारकोपला आहेत आणि जगाची तार वर्सोव्याला आहे. मधले काही मैल जोडण्याचे काम आपले आहे, आणि त्याची सुरुवात आपल्या प्रभागाच्या कार्यालयात हे पाच प्रश्न लेखी देण्याने होऊ शकते.