टक्के घटले म्हणजे माणसं गेली का? अटलांटाच्या दोन काउंटींची गोष्ट

पीएचडीच्या पहिल्या वर्षी मी एक आलेख काढला होता आणि त्यावर फार खूश होतो. अटलांटा शहराच्या ईशान्येला ग्विनेट नावाची काउंटी आहे. तिथल्या लोकसंख्येत गोऱ्यांचं प्रमाण (हिस्पॅनिक सोडून) १९९० मध्ये सुमारे ९० टक्के होतं. २००० मध्ये ते ६७ झालं, २०१० मध्ये ४४ आणि २०२० मध्ये साडेबत्तीसच्या आसपास. रेघ सरळ खाली. तिच्याखाली मी ठसक्यात लिहिलं, 'गोऱ्यांचं ग्विनेटमधून स्थलांतर'. गाइडनी कागद बघितला आणि एवढंच विचारलं, "गेले म्हणजे किती गेले?" मला उत्तर देता येईना. कारण मी डोकी मोजलीच नव्हती.

तुम्ही शहरांवर, उपनगरांवर, स्थलांतरावर काही करायचं ठरवत असाल तर ही चूक आधीच बघून ठेवा.

काउंटी म्हणजे ढोबळमानाने आपला जिल्हा. पण एक मोठा फरक आहे. तिथे निवडून आलेलं मंडळ असतं, ते मालमत्ता कर ठरवतं, रस्ते आणि जमिनीचा वापर बघतं. अनेक ठिकाणी शाळांचा कारभारही काउंटीच्याच पातळीवर चालतो. त्यामुळे तिथे कोण राहायला येतं आणि काउंटी काय निर्णय घेते, या दोन गोष्टी एकमेकींत गुंतलेल्या असतात.

आता डोकी मोजू. ग्विनेटची लोकसंख्या १९९० मध्ये ३,५२,९१० होती आणि २००० मध्ये ५,८८,४४८. पहिलीचे ९० टक्के काढा, दुसरीचे ६७ टक्के काढा. गोऱ्यांची संख्या त्या दहा वर्षांत कमी झालेली नाही, उलट जवळपास पाऊण लाखाने वाढली आहे! टक्का तेवीस अंकांनी पडला, तो बाकीचे लोक त्याहून वेगाने आले म्हणून. त्यात कृष्णवर्णीय, मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतून आलेले, कोरियन, व्हिएतनामी आणि आपले भारतीयही. (लिलबर्नमधलं मोठं स्वामिनारायण मंदिर २००७ मध्ये उघडलं, ते याच काउंटीत.) खरी घट दिसते ती २००० नंतर. २०१० ला एकूण ८,०५,३२१ पैकी ४४ टक्के म्हणजे साधारण साडेतीन लाख, आणि २०२० ला ९,५७,०६२ पैकी तीन लाखांच्या थोडं वर. म्हणजे माझ्या एका सरळ रेघेत दोन वेगळ्या गोष्टी लपल्या होत्या. एका दशकात भर पडत होती, पुढच्या दोन दशकांत घट होत होती.

आता क्लेटन काउंटी बघा, शहराच्या दक्षिणेला. अटलांटाचा प्रचंड विमानतळ बराचसा हिच्याच हद्दीत आहे. १९९० मध्ये इथे १,८२,०५२ लोक होते, त्यात गोरे ७० टक्क्यांच्या वर. २००० मध्ये लोक झाले २,३६,५१७ आणि गोरे राहिले सुमारे ३५ टक्के. करा गुणाकार. इथे त्याच दशकात गोऱ्यांची संख्या चाळीस हजारांहून जास्त घटली, तीही एकूण लोकसंख्या पन्नास हजारांवर वाढत असताना. टक्क्यांच्या आलेखात दोन्ही काउंटींची रेघ खालीच जाते, पण घडलेल्या गोष्टी वेगळ्या आहेत.

वाढीच्या टक्क्यांचंही असंच. ग्विनेट १९७० ते १९८० मध्ये ७२,३४९ वरून सुमारे १ लाख ६७ हजारांवर गेली, म्हणजे १३० टक्के वाढ. १९९० च्या दशकात वाढ ६७ टक्केच. 'वेग निम्म्यावर आला' असं लिहायचा मोह होतो. पण पहिल्या वेळी आले पंचाण्णव हजार आणि दुसऱ्या वेळी दोन लाख पस्तीस हजार. शाळेचे वर्ग आणि सांडपाण्याची व्यवस्था टक्क्यांसाठी नाही, माणसांसाठी बांधावी लागते.

अजून एक पायरी. संख्या घटली म्हणजे माणसं निघून गेली, हेही लगेच म्हणू नका. काही वारले असतील, मुलं मोठी होऊन बाहेर पडली असतील, आणि जाणाऱ्यांच्या जागी तशीच नवी माणसं आली नसतील. जनगणना म्हणजे दर दहा वर्षांनी काढलेला फोटो. मधली ये-जा त्यात दिसत नाही. अमेरिकेच्या कर खात्याच्या नोंदींतून एका काउंटीतून दुसरीत किती कुटुंबं गेली ते कळतं, पण त्यात वंश कळत नाही. सगळं एका फाइलमध्ये मिळेल ही आशा सोडा.

मग बदल होतो कसा? मला स्वतःला घरांचं वय हा धागा सर्वात उपयोगी वाटतो. १९७०-८० च्या दशकांत आय-८५ महामार्गालगत अपार्टमेंट उभी राहिली, शहरात नोकरी करणाऱ्या तरुणांसाठी. वीसेक वर्षांनी इमारती जुन्या झाल्या, भाडी तुलनेने उतरली, आणि नव्याने देशात आलेल्यांना तीच घरं परवडू लागली. दुकानांचंही तेच. १९८४ मध्ये उघडलेला ग्विनेट प्लेस मॉल, १९९९ मध्ये आणखी उत्तरेला मॉल ऑफ जॉर्जिया झाल्यावर ओस पडत गेला. 'स्ट्रेंजर थिंग्ज'च्या तिसऱ्या सीझनमधला मॉल आठवतो? तो हाच. गजबजलेल्या मॉलचं शूटिंग रिकाम्या मॉलमध्ये झालं.

हे सगळं मोजता येतं याचं एक कारण फार साधं आहे. जॉर्जियाच्या काउंटींच्या सीमा १९३२ पासून जवळजवळ तशाच आहेत. आपल्याकडे ठाण्यावर काम करणाऱ्यांना हे सुख नाही. २०११ च्या जनगणनेतला १ कोटी १० लाखांचा ठाणे जिल्हा २०१४ मध्ये पालघर वेगळा झाल्यावर उरलाच नाही. तुलना करायची तर तालुके जोडून जुना जिल्हा परत उभा करावा लागतो. अर्थात सीमा स्थिर असल्या तरी प्रश्न बदलतात. अमेरिकेत हिस्पॅनिक आहात का हा प्रश्न सगळ्यांना १९८० पासून विचारला जातो आणि एकाहून जास्त वंश निवडण्याची सोय २००० मध्ये आली. १९७० पासूनची अखंड रेघ काढणाऱ्याकडे जरा संशयानेच बघा.

आता मला अजून न सुटलेला भाग. १९७१ मध्ये अटलांटाची सार्वजनिक वाहतूक सेवा 'मार्टा' आपल्याकडे आणायची का यावर मतदान झालं. ग्विनेट आणि क्लेटन दोघींनी नकार दिला. त्या नकारामागे कर होताच, पण शहरातले कृष्णवर्णीय आपल्याकडे येतील ही भीतीही होती, असं अभ्यासक सांगतात. मग लोक बदलले की निकाल बदलायला हवा, नाही का? क्लेटनमध्ये तसं झालं. २०१० मध्ये पैशाअभावी तिथली बससेवाच बंद पडली, गाडी नसलेल्यांचे हाल झाले, आणि २०१४ मध्ये जवळपास पाऊण मतदारांनी मार्टाला होकार दिला. पण ग्विनेटने २०१९ मध्ये पुन्हा नाही म्हटलं. २०२० मध्ये वाहतूक कराचा प्रस्ताव हजारभर मतांनी पडला. त्याच काउंटीने २०१६ मध्ये, १९७६ नंतर पहिल्यांदा, अध्यक्षपदासाठी डेमोक्रॅटिक उमेदवाराला कौल दिला होता. २०२४ मध्ये वाहतुकीसाठीचा कर पुन्हा नाकारला गेला.

राहणारे आणि मत देणारे एक नसतात, हे पहिलं उत्तर. बरेच जण नागरिक नाहीत, बरेच अठराच्या आत आहेत. २०१९ चं मतदान मार्चमध्ये, एरवी कोणी फिरकत नाही अशा वेळी झालं. पण २०२० आणि २०२४ ला तर अध्यक्षीय निवडणुकीची गर्दी होती, तिथे हे उत्तर अपुरं पडतं. कदाचित नवे आलेलेही आता घरमालक आहेत, दोन गाड्या बाळगतात आणि करवाढीकडे त्यांच्या आधीच्या घरमालकांसारखंच बघतात. हे तपासायचं तर मतदान केंद्रनिहाय निकाल आणि घरमालकीची आकडेवारी शेजारी ठेवावी लागेल. आणि तिथेही केंद्राच्या सरासरीवरून एकेका मतदाराबद्दल बोलण्याची चूक टाळावी लागेल. सध्या माझ्या एक्सेलमध्ये तेच चालू आहे. या वेळी टक्क्यांच्या शेजारी डोक्यांचाही रकाना आहे.