इमारत नको, वॉर्ड बघा

बारावीचा निकाल लागला की छत्रपती संभाजीनगरात चिकलठाण्याहून सिडकोकडे येणाऱ्या रस्त्यावर खांबाखांबावर फलक चढतात. 'नर्सिंग प्रवेश सुरू', 'दहावी-बारावी पास-नापास', 'नोकरीची हमी'. त्याच सुमारास १२ मेचा परिचारिका दिन येतो, मेणबत्त्या लागतात, शपथ होते आणि फोटो छापून येतात. फलक मात्र कोणी वाचत नाही. वाचतात ते फक्त एमआयडीसीत पाळीवर जाणारे आई-बाप, आणि वाचून पैसे भरतात. म्हणून हा लेख.

या फलकांवर 'नर्सिंग' हा एकच शब्द असतो, पण त्याखाली दोन अगदी वेगळ्या गोष्टी विकल्या जातात. एक म्हणजे ज्याच्या शेवटी मुलीचं नाव महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलच्या नोंदवहीत चढतं ते शिक्षण: ए.एन.एम., जी.एन.एम., बी.एस्सी. नर्सिंग. दुसरी म्हणजे सहा महिन्यांचे, वर्षाचे 'नर्सिंग असिस्टंट', 'पेशंट केअर', 'जनरल ड्युटी असिस्टंट' असले कोर्स. या दुसऱ्या कामाला मी कमी लेखत नाही. रुग्णाला कुशीवर वळवणं, अंग पुसणं, बेडपॅन देणं, खाऊ घालणं हे कष्टाचं आणि गरजेचं काम आहे आणि ते नीट शिकवणारे मान्यताप्राप्त कोर्सही आहेत. पण ते नर्सिंग नाही. त्या प्रमाणपत्रावर नोंदणी होत नाही आणि त्यातला एक दिवसही पुढे ए.एन.एम.च्या खात्यात जमा होत नाही.

माझ्या मामेबहिणीने हे सात वर्षांनी ओळखलं. दुकानाच्या वरच्या मजल्यावरच्या एका संस्थेतून तिने वर्षाचा 'डिप्लोमा' केला होता. खासगी दवाखान्यात सगळे तिला सिस्टर म्हणत. सलाईन लावायची, इंजेक्शन द्यायची, नाईट करायची. सरकारी भरतीचा अर्ज भरायला बसली तेव्हा 'नोंदणी क्रमांक' या रकान्यात लिहायला तिच्याकडे काही नव्हतं. त्या रात्री ती रडली नाही, नुसती बसून राहिली. एकतिसाव्या वर्षी तिने ए.एन.एम.ला पहिल्या वर्षात नाव घातलं. अठरा वर्षांच्या पोरींच्या बाकावर.

तिला ते जमलं, कारण ए.एन.एम.ची वयोमर्यादा १७ ते ३५ आहे आणि बारावी कला शाखेची असली तरी चालते. पूर्वी हा कोर्स दहावीवर होत असे, आता होत नाही. म्हणजे 'दहावी पासवर ए.एन.एम.' असं जो सांगेल त्याच्या ऑफिसातून तिथल्या तिथे उठावं. मुदत दोन वर्षं, त्यात शेवटचे सहा महिने प्रत्यक्ष सेवेचे. हा कोर्स फक्त मुलींसाठी आहे. मुलांनी थेट जी.एन.एम. किंवा बी.एस्सी.चा विचार करावा. जिल्हा परिषदेच्या उपकेंद्रात, सपाट भागात साधारण ५,००० लोकवस्तीमागे जी आरोग्य सेविका असते, ती ए.एन.एम.च. जी.एन.एम. तीन वर्षांचा: बारावीला इंग्रजी हवं, किमान ४० टक्के हवेत, शास्त्र शाखा असली तर बरी. बी.एस्सी. चार वर्षांचं आणि त्याला भौतिक, रसायन, जीवशास्त्र लागतंच.

आता वर चढायची वाट. नोंदणी झालेली ए.एन.एम. पुढे जी.एन.एम.ला जाऊ शकते आणि एरवी असलेली पस्तिशीची अट तिला लागू होत नाही. जी.एन.एम. झाली की दोन वर्षांचं पोस्ट बेसिक बी.एस्सी. करता येतं, मग एम.एस्सी. जिना अरुंद आहे, पण आहे. फक्त त्याची पहिली पायरी ए.एन.एम. आहे, असिस्टंट नाही. आणखी एक खटकतं ते सांगतोच: या जिन्यावर जुनी दोन वर्षं वजा होत नाहीत. ए.एन.एम. झालेली बाई जी.एन.एम.ची तिन्ही वर्षं पुन्हा पहिल्यापासून करते. अमेरिकेत साधारण वर्षभराचं प्रॅक्टिकल नर्सिंग करून परवाना घेतलेल्यांसाठी आधीचं शिक्षण धरून घेणारे जोडकोर्स आहेत. आपल्याकडे १९४७च्या इंडियन नर्सिंग कौन्सिल कायद्याची जागा घेणारा राष्ट्रीय नर्सिंग व मिडवायफरी आयोगाचा कायदा २०२३ साली संसदेत मंजूर झाला. या नव्या आयोगाने दुसरं काही करण्याआधी हा प्रश्न हातात घ्यावा. दहा वर्षं उपकेंद्र सांभाळलेल्या बाईला लसीकरण पहिल्या धड्यापासून शिकवणं हा तिच्या आयुष्याचा अपव्यय आहे.

कॉलेज कोणतं, हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारला जातो. माझं उत्तर ठरलेलं आहे: इमारत बघू नका, वॉर्ड बघा. नर्सिंग वर्गात कमी आणि कॉटशेजारी जास्त शिकलं जातं. इंडियन नर्सिंग कौन्सिलच्या निकषात एका विद्यार्थ्यामागे तीन रुग्ण धरलेले आहेत. ज्या संस्थेच्या नावावर रुग्णालय आहे पण कॉट रिकाम्या आहेत, तिथली मुलगी हात कशावर बसवणार? विशेषतः बाळंतपण. ते पाहून येत नाही, अनुभवी सिस्टरच्या नजरेखाली स्वतःच्या हाताने करूनच येतं. अशा प्रत्येक प्रसूतीची नोंद केस बुकात व्हावी लागते. केस बुकातल्या प्रसूती खऱ्या की नुसत्या उतरवून काढलेल्या, यावर त्या मुलीची पुढची चाळीस वर्षं ठरतात, आणि तिच्या हाती येणाऱ्या बायकांची तर त्याहून जास्त.

आपल्याकडे हे शहाणपण जुनं आहे. रमाबाई रानड्यांनी १९०९ साली पुण्यात सेवासदन उभं केलं, तेव्हा परिचारिकेच्या शिक्षणासाठी त्यांनी मुलींना ससून रुग्णालयात धाडलं. त्यात विधवा होत्या, घरातून टाकलेल्या होत्या. परक्याच्या मलमूत्राला हात लावणं हे तेव्हा 'चांगल्या घरच्या' बाईचं काम मानलं जात नव्हतं. रमाबाईंना घरगुती वर्ग काढून प्रमाणपत्रं वाटणं सोपं होतं. त्यांनी वॉर्ड निवडला. शंभराहून जास्त वर्षांनंतर आपण वातानुकूलित वर्ग आणि गणवेशाचा रंग बघून पैसे भरतो, हे मला सहन होत नाही.

चिकलठाण्याच्या मुलींचं त्या बाबतीत नशीब बरं. जिल्हा सामान्य रुग्णालय, म्हणजे आपली मिनी घाटी, घरापासून हाकेवर आहे. २०२०च्या कोरोनात सारं शहर तिच्याकडे डोळे लावून बसलं होतं. १९५६पासूनच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाची घाटी रिक्षाच्या टप्प्यात आहे. म्हणून कॉलेजात गेलात की फीच्या आधी विचारा: मुलींच्या ड्युट्या नेमक्या कोणत्या रुग्णालयात, कोणत्या वॉर्डात, आठवड्यातून किती दिवस? परीक्षा महाराष्ट्र राज्य शुश्रूषा व परावैद्यक शिक्षण मंडळाची की बी.एस्सी. असल्यास नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाची? दोन्ही नसेल तर चहासुद्धा घेऊ नका. मूळ कागद ठेवून घेणाऱ्याकडे प्रवेश घेऊ नका. व्यावसायिक शिक्षणात मुलींना शिक्षण शुल्काची पूर्ण सवलत देणारा २०२४चा शासन निर्णय केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून आलेल्यांसाठी आहे आणि त्याला ८ लाखांची उत्पन्नमर्यादा आहे. मागच्या दाराने जागा घेतलीत तर तोही हात सुटतो.

आणि एक सकाळ खर्च करा. आठच्या सुमाराला घाटीच्या फाटकाशी जाऊन उभे राहा. निरनिराळ्या गणवेशांतल्या मुली ड्युटीवर येताना दिसतील. तुम्ही ज्या कॉलेजात पैसे भरायला निघाला आहात, त्याचा गणवेश त्यांत आहे का ते बघा. असेल तर एखादीला थांबवून विचारा, 'बाई, रोज येतेस का? आतापर्यंत किती बाळंतपणं स्वतः केलीस?'