घरची चॉकलेट-वडी: दिवाळीसाठीं भुईमूग, तीळ व मोहाचीं फुलें

पावसाळा सरून शरद ऋतूचें स्वच्छ ऊन पडूं लागलें, कीं आपल्या नंदुरबार जिल्ह्यांतील खळ्यांवर भुईमुगाच्या शेंगा वाळूं लागतात व झाडलेला तीळ घरांत येतो. थोड्याच दिवसांत शाळांना दिवाळीची सुटी लागते आणि मुलें गोडाची वाट पाहूं लागतात. अशा वेळीं एक चमत्कारिक देवघेव प्रतिवर्षीं घडते. शेतकरी शेंगांचीं पोतीं बाजारांत विकतो, आणि त्याच बाजारांतून चकचकीत कागदांत गुंडाळलेलीं चॉकलेटें व गोळ्या घेऊन घरीं येतो. सकस होतें तें गेलें, व ज्यांत बहुतांशीं साखरच आहे तें आलें. मुलांची चॉकलेटाची आवड न मोडतां हा व्यवहार उलटा करतां येईल काय, याचा विचार प्रस्तुत लेखांत करण्याचें योजिलें आहे.

चॉकलेट म्हणजे काय?

चॉकलेटाचा मूळ पदार्थ कोको. हें झाड अमेरिका खंडाच्या उष्ण प्रदेशांतलें. आज जगांतील बहुतेक कोको पश्चिम आफ्रिकेंत पिकतो. आपल्या देशांत केरळ, कर्नाटक, आंध्र प्रदेश व तामिळनाडू या प्रांतांत नारळी-पोफळींच्या सावलींत त्याची लागवड होते. तापीकांठची कोरडी व कडक हवा त्यास मानवणारी नाहीं. म्हणून कोको तेवढा आपणांस विकतच घ्यावा लागेल.

कोकोचें बीं आंबवून, वाळवून व भाजून वाटलें म्हणजे त्याचा दाट, तेलकट लगदा होतो. हा लगदा दाबून पिळला कीं चरबी एकीकडे निघते, तिला कोको-लोणी म्हणतात. मागें राहिलेली पेंड दळली कीं ती कोको-पूड. घाणीवर तेल व पेंड वेगळीं होतात तसाच हा प्रकार आहे. ही पूड चवीस कडू असते. बाजारांतील दुधाच्या चॉकलेटांत ही कडू चव झांकण्यासाठीं निम्म्याच्या आसपास साखरच घातलेली असते.

यांत दुसरी अडचण हवेची. कोको-लोणी सुमारें ३४ अंश सेल्सिअसवर वितळतें. तोंडांत घालतांच चॉकलेट विरघळतें तें याच गुणामुळें. परंतु ऑक्टोबराच्या दुपारीं आपल्याकडे पारा त्याच आंकड्याच्या आसपास असतो, त्यामुळें खिशांतलें चॉकलेट खिशांतच विरघळतें. म्हणून स्वस्त मालांत कोको-लोण्याच्या जागीं दुसरी घट्ट वनस्पतिजन्य चरबी वापरतात. ही चरबी पूर्वी पुष्कळदां अर्धवट घट्ट केलेल्या वनस्पती तुपाची असे, व त्यांतील ट्रान्स-स्निग्धांश हृदयास अपायकारक ठरले आहेत. १ जानेवारी २०२२ पासून आपल्या देशांत खाद्य तेलें व चरबी यांतील या अंशावर शेंकडा २ ची मर्यादा घालण्यांत आली आहे, ही समाधानाची गोष्ट होय. तथापि साखरेवर अशी मर्यादा नाहीं. ती आपली आपणच घातली पाहिजे.

यावरून आमचा विचार असा, कीं कोकोचा सुगंध तेवढा घ्यावा, आणि कोको-लोण्याच्या जागीं आपल्याच दाण्यांचें व तिळाचें अंगचें तेल येऊं द्यावें. अशी वडी चॉकलेटासारखी गुळगुळीत होणार नाहीं. पण ती उन्हांत विरघळणार नाहीं, व तिच्यांत खाण्याजोगें कांहीं असेल.

साहित्याची पारख

भुईमूग. दाण्यांत शेंकडा २५ च्या सुमारास प्रथिनें व जवळजवळ निम्में तेल असतें. वडीचा हा मुख्य आधार, म्हणून याच्याच पारखेंत सर्वांत अधिक दक्षता हवी. शेंगा ओल्या राहिल्या किंवा वाळतांना परतीच्या पावसांत भिजल्या, तर त्यांवर एक प्रकारची बुरशी वाढते व अफ्लाटॉक्सिन नांवाचें विष उत्पन्न करते. १९६० सालीं इंग्लंडांत एक लाखाहून अधिक टर्की पक्षी एकाएकीं मेले, त्याचें कारण शोधतां शोधतां त्यांस चारलेल्या भुईमुगाच्या पेंडींत हें विष सांपडलें. तें यकृतास घातक आहे. भाजल्यानें तें कांहींसें कमी होतें, पण नाहींसें होत नाहीं. म्हणून "भाजून घेतलें कीं झालें" ही समजूत सोडून द्यावी. हलविली असतां दाणा आंत खुळखुळेल इतकी शेंग वाळवावी. सोलल्यावर सुरकुतलेले, काळपट, फुटके, किडके व बुरशीचे दाणे हातानें वेंचून काढावे, आणि ते दुभत्या जनावरांसही घालूं नयेत. कारण त्या विषाचा अंश दुधांत उतरतो. चांगले दाणे विकून खालचा माल घरीं खाण्यास ठेवण्याची आपली जुनी चाल या बाबतींत मुलांच्या जिवावर बेतणारी आहे, हें स्पष्टपणें सांगणें आम्ही आपलें कर्तव्य समजतों.

तीळ. न सडलेल्या, म्हणजे टरफलासह असलेल्या तिळांत कॅल्शियम पुष्कळ असतें. काळे व पांढरे दोन्ही चालतात. खडे व माती नीट पाखडून काढावी.

मोहाचीं फुलें. अक्राणी, अक्कलकुवा, नवापूर या भागांत चैत्राच्या सुमारास पहांटे झाडाखालीं फुलांचा सडा पडतो व आदिवासी कुटुंबें तीं वेंचून वाळवितात. वाळलेल्या फुलांत निम्म्याहून अधिक नैसर्गिक साखर असते, व तिची चव मनुक्यासारखी लागते. दुष्काळांत याच फुलांनीं डोंगरांतील लोकांस जगविलें आहे. भाजून, कुटून, धान्यांत किंवा तिळांत मिसळून तीं खाण्याची रीत पुरातन आहे. परंतु आपण पठारावरील शेतकरी मोह म्हटला कीं दारूच तेवढी आठवतों. कायद्याची दृष्टिही तीच होती. १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्याखालीं या फुलांच्या सांठ्यावर व ने-आणीवर निर्बंध होते. राज्य सरकारनें ते २०२१ सालीं सैल केले. फुलें घेतांना पिंवळसर तपकिरी, कोरडीं व आंबूस वास नसलेलीं घ्यावीं. आंतील केसर हातानें चोळून व पाखडून काढून टाकावे, नाहींतर वडी कडवट व कचकचीत होते. कच्चीं फुलें पोटास जड पडतात. तीं वाफवूनच वापरावीं.

गूळ. गुळासंबंधीं दोन भ्रम दूर केले पाहिजेत. एक, पिंवळाधमक गूळ चांगला हा. तो रंग पुष्कळदां रसायनें घालून आणलेला असतो. तपकिरी गूळ दिसावयास ओबडधोबड, पण घेण्यास बरा. दुसरा भ्रम असा, कीं गूळ म्हणजे साखर नव्हे. गुळाचाही बहुतेक भाग साखरच आहे. त्यांत लोह असतें हें खरें, पण एका वडींतील दोन-अडीच ग्रॅम गुळांतून मिळणारें लोह नगण्य होय. आपल्या जिल्ह्यांत स्त्रियांचा व मुलांचा रक्तक्षय आणि सिकलसेल हे दोन्ही विकार आढळतात. त्यांवर गूळ हें औषध नव्हे. त्यांची तपासणी दवाखान्यांतच करून घ्यावी. आम्ही गूळ सुचवितों तो चवीसाठीं, आणि तोही थोडा.

कोको-पूड. डब्यावरील घटकांची यादी वाचून घ्यावी. ही यादी वजनाच्या उतरत्या क्रमानें छापलेली असते. पहिला शब्द साखर असेल तर ती दुधांत घालून पिण्याची गोड पूड आहे, कोको नव्हे. ज्यावर साखर मुळींच नाहीं अशीच पूड घ्यावी.

प्रमाण

भाजून सोललेले दाणे २५० ग्रॅम
तीळ १०० ग्रॅम
साफ केलेलीं वाळलेलीं मोहाचीं फुलें १०० ग्रॅम
चिरलेला गूळ १०० ग्रॅम
कोको-पूड ३० ग्रॅम
साजूक तूप दोन लहान चमचे
सुंठपूड अर्धा चमचा, मीठ चिमूटभर

नेहमींच्या चिक्कींत दाण्यांच्या जवळजवळ बरोबरीनें गूळ पडतो. येथें तो दाण्यांच्या निम्म्याहूनही कमी आहे. उरलेली गोडी फुलें पुरवितात.

कृति

१. फुलें दोन पाण्यांतून झटपट धुवावीं. भिजत ठेवूं नयेत, नाहींतर गोडी पाण्यांत जाते. चाळणींत घालून दहा मिनिटें वाफवावीं व स्वच्छ फडक्यावर पसरून दिवसभर उन्हांत सुकवावीं.

२. दाणे मंद आंचेवर, सतत हालवीत, आंतपर्यंत खमंग होईतों भाजावे व सोलावे. तीळ तडतडूं लागतांच उतरावे. करपलेला तीळ सगळी वडी कडू करतो.

३. सुकलेलीं फुलें तुपावर मंद आंचेनें परतावीं. तीं फुगून किंचित् कुरकुरीत झालीं कीं उतरावीं, व निवाल्यावर खलबत्त्यांत कुटावीं.

४. दाणे व तीळ खलबत्त्यांत किंवा यंत्रांत, तेल सुटून गोळा चिकट होईतों वाटावे. हेंच तेल वडी बांधून ठेवतें. येथें घाई केली तर वडी भुगा होते.

५. त्यांत कुटलेलीं फुलें, गूळ, कोको, सुंठ व मीठ घालून पुन्हां एकजीव करावें. पाक करण्याचें कारण नाहीं. पाणी अथवा दूध थेंबभरही घालूं नये. मिश्रण फारच कोरडें वाटलें तर चमचाभर तूप घालावें.

६. तूप लावलेल्या ताटांत बोटभर जाडीचा थर दाबून बसवावा, वरून वाटीच्या बुडानें गुळगुळीत करावा, दोन तास ठेवून कापावा. सुमारें १५ ग्रॅमच्या ३८ ते ४० वड्या होतात.

एक चूक आमच्या हातून झाली ती सांगणें इष्ट आहे. पहिल्या खेपेस आम्हीं वाफविलेलीं फुलें न सुकवितां तशींच ओलसर कुटलीं. वड्या मऊ व सुरेख झाल्या. पण आठव्या दिवशीं त्यांवर पांढरी बुरशी आली, व सर्व घाणा उकिरड्यावर टाकावा लागला. तेव्हांपासून उन्हाचा एक दिवस आम्ही चुकवीत नाहीं. नीट सुकविलेल्या फुलांची वडी कोरड्या, घट्ट झांकणाच्या डब्यांत पंधरा दिवस चांगली राहते. त्यापुढें दाण्यांचें तेल खवट होऊं लागतें. म्हणून एकदांच मोठा घाणा न करतां दोनदां लहान करावा.

किती खावी व कोणीं खाऊं नये

वरील प्रमाणानें एका वडींत गूळ व फुलें मिळून साडेतीन ते चार ग्रॅम साखर येते. तितक्याच वजनाच्या दुधाच्या चॉकलेटांत ती सातआठ ग्रॅम असते. जागतिक आरोग्य संघटनेनें २०१५ सालीं प्रसिद्ध केलेल्या शिफारशीनुसार वरून घातलेली साखर दिवसाच्या एकूण उष्मांकांच्या शेंकडा १० पेक्षां कमी, व शक्य तर ५ पेक्षां कमी असावी. त्यांत चहाची साखर व फराळाचे पदार्थही आलेच. तेव्हां मुलांस दिवसाला दोन वड्या पुरेत. वडी सकस असली तरी तेलामुळें जड आहे. ती जेवणाच्या जागीं नव्हे, मधल्या वेळीं द्यावी. मोह दांतांस चिकटतो, म्हणून खाल्ल्यावर चूळ भरावयास लावावें. मधुमेह्यांनीं "घरची आहे" म्हणून सूट घेऊं नये. कांहीं थोड्यांस भुईमूग मुळींच सोसत नाहीं, अंगावर गांधी येतात किंवा श्वास कोंडतो; त्यांनीं ती वर्ज्य करावी. तसेंच कोको कुत्र्यास विषारी आहे. खळ्यावरील राखणीच्या कुत्र्यास मुलें लाडानें तुकडा घालतात, तें होऊं देऊं नये.

उपसंहार

या वडीचा हिशोब पाहिला, तर बाहेरून आणावयाची वस्तु कोको ही एकच, व तीही अवघी ३० ग्रॅम. दाणे व तीळ आपल्या शेतांतले, गूळ आपल्याच उंसाचा किंवा शेजारच्या गुऱ्हाळांतला, आणि फुलें सातपुड्यांतून येणारीं. या फुलांविषयीं शेवटीं एक शब्द. तीं दारूसाठीं विकलीं जातात तेव्हां त्यांत माती आहे कीं केसर आहे हें कोणी पाहत नाहीं, व वेंचणाऱ्या बाईस भावही तसाच मिळतो. अन्नासाठीं घेणारानें स्वच्छ माल मागावा व स्वच्छ मालाचा वाढीव भाव रोख द्यावा. ज्या मोहानें पुष्कळ घरें बुडविलीं असें आपण म्हणतों, तोच मोह फडक्यावर वाळवून वडींत घातला तर वेंचणाराचें व खाणाराचें दोघांचेंही भलें करील.

यंदा शेंगा विकण्यापूर्वीं वाचकांनीं चांगल्या, निवडक शेंगांची एक पायली घरासाठीं बाजूस काढून ठेवावी, एवढीच आमची विनंती आहे. पोरांच्या तोंडीं जावयाचा दाणा हा खळ्यावरचा पहिला दाणा असावा, शेवटचा नव्हे.