क्रँकशाफ्ट भंगारात टाकण्यापूर्वी

भात घरात आले की विहिरीवरची आणि नाल्यावरची डिझेल इंजिने पुन्हा सुरू होतात, आणि दरवर्षी कोणी ना कोणी सांगत येतो, "फादर, इंजिन ठोकतंय. मेस्त्री म्हणतो क्रँक गेला, नवा घाला." पाण्याची पाळी तोंडावर असताना माणूस घाबरतो आणि कर्ज काढून नवा शाफ्ट आणतो. पुष्कळ वेळा जुनाच शाफ्ट घासून आणखी काही वर्षे चालला असता.

पिस्टनचे वर-खाली होणे गोल फिरण्यात बदलण्याचे काम क्रँकशाफ्ट करतो. कनेक्टिंग रॉड ज्या पिनवर बसतो, तिच्याभोवती बेअरिंगचे दोन अर्धे भाग असतात. त्यांना शेल म्हणतात. इंजिन चालू असताना पिन आणि शेल यांच्यामध्ये तेलाचा पातळ थर असतो, त्यामुळे लोखंडाला लोखंड लागत नाही. तेल घाण झाले, कमी पडले किंवा हवेच्या गाळणीतून धूळ आत गेली की हा थर तुटतो. आधी शेलचा मऊ थर जातो, मग पिन झिजते. डिझेल पेटल्याचा दणका प्रत्येक वेळी पिनच्या साधारण एकाच बाजूवर बसतो, म्हणून ती सगळीकडून सारखी न झिजता लंबगोल होते. लंबगोल पिनवर नवे गोल शेल घातले तर ते थोड्याच दिवसांत पुन्हा वाजू लागतात. खरे नुकसान इथेच होते.

म्हणून आधी मोजणी. मेस्त्रीकडे मायक्रोमीटर नसेल, तर ज्याच्याकडे आहे त्याच्याकडे शाफ्ट न्या. पिन आडवी आणि उभी, अशी दोन्ही टोकांजवळ मोजायची. कंपनीच्या पुस्तकात मर्यादा दिलेली असते. साधारणपणे फरक ०.०५ मिलिमीटरच्या आसपास गेला की शाफ्ट घासण्याची वेळ आली समजावे. हे अंतर केसाच्या जाडीहूनही कमी, तेव्हा बोटाने चाचपून "ठीक आहे" म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नका.

ग्राइंडिंगच्या यंत्रावर पिन पुन्हा गोल करतात आणि तितकेच जाड शेल बसवतात. हे शेल ०.२५, ०.५० आणि ०.७५ मिलिमीटर अंडरसाइज असे मिळतात. काही इंजिनांना याहूनही पुढचे माप असते. आधी शेल विकत घ्यावेत, ते हातात आल्यावरच शाफ्ट घासायला द्यावा. उलटे केले आणि त्या मापाचे शेल बाजारात नसले, तर घासलेला शाफ्ट घरी पडून राहतो.

घासण्याआधी भेग तपासावी. शाफ्ट रॉकेलमध्ये भिजवून कोरडा पुसावा व वर खडू फासावा. भेग असेल तर आत मुरलेले रॉकेल खडूवर रेघ उमटवते. मोठ्या कारखान्यात हेच काम चुंबकाने, अधिक खात्रीने होते. भेग दिसली तर मात्र तो शाफ्ट भंगारातच जाऊ द्यावा. वेल्डिंग करून पिन भरणाऱ्यांच्याही नादी लागू नये. त्या उष्णतेने शाफ्ट वाकतो आणि नवी भेग पडते.

एक गोष्ट स्वतःच्या अनुभवाची. आमच्या चर्चच्या शेतातल्या इंजिनाचा शाफ्ट एका ठिकाणी स्वस्तात घासून घेतला. पिन आरशासारखी चकचकीत होती, पण पिन जिथे बाजूच्या पाळीला मिळते तिथली गोलाई घासणाऱ्याने खाऊन काटकोन केला होता. मला तेव्हा ते कळले नाही. पुढच्या उन्हाळ्यात शाफ्ट बरोबर त्या कोपऱ्यातच मोडला, आणि कनेक्टिंग रॉडने ब्लॉकला भोक पाडले. त्या वर्षीची मिरची गेली ती वेगळीच. शाफ्ट ताब्यात घेताना तो कोपरा नखाने तपासा. तिथे गोलाई लागली पाहिजे, धार नव्हे. तेलाच्या भोकाच्या कडाही मऊ केलेल्या हव्यात, आणि भोकातला ग्राइंडिंगचा चुरा तार घालून व रॉकेल मारून काढावा. तो चुरा राहिला तर नवे शेल पहिल्या तासातच ओरबाडले जातात.

बसवताना आमच्याकडचे दोन जुने उपाय कटाक्षाने टाळा. एक, शेलच्या पाठीमागे सिगारेटच्या पाकिटातला चंदेरी कागद घालणे. दुसरा, ढिलाई कमी करायला कनेक्टिंग रॉडच्या टोपीचे तोंड कानशीने घासणे. पहिल्याने शेलची उष्णता बाहेर जात नाही, दुसऱ्याने रॉडचे भोक कायमचे बिघडते. पिनच्या दर २५ मिलिमीटर व्यासाला साधारण ०.०२५ मिलिमीटर ढिलाई, हा ढोबळ हिशेब. पुस्तकात वेगळे असेल तर पुस्तकाचे ऐकावे. बोल्टही पुस्तकातल्या ताणानेच कसावेत.

मोटारसायकली आणि शेतात फिरणाऱ्या छोट्या चारचाकी एटीव्ही गाड्या यांचा हिशेब बहुधा निराळा असतो. त्यांचा क्रँक दोन तुकडे दाबून जोडलेला असतो. तिथे पिन घासत नाहीत. पिन, रोलर बेअरिंग आणि रॉड असा संच आणून प्रेसवर बदलतात, मग डायलवर शाफ्ट सरळ करतात. हातोड्याने जोडणारा भेटला तर गाडी परत आणावी.

इंजिन जोडल्यावर पहिले काही तास हलक्या भाराने चालवावे. पहिले तेल २०-२५ तासांनी बदलावे आणि काढलेले तेल पांढऱ्या फडक्यावर गाळून पाहावे. चकाकणारे कण दिसले तर इंजिन पुन्हा सुरू करू नये, मेस्त्रीला बोलवावे.